मेहुण्याला पाणी जास्त झालं

चष्मेवाल्यांच्या मूत्रपिंडात खडा सापडला, तेव्हा घरात सगळ्यात जास्त उत्साह त्यांच्या बायकोला आला. नवऱ्यावर तिचा राग होता अशातला भाग नाही. ती मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची, आणि कवायत शिकवणाऱ्या माणसाला घरी हुकूम सोडायला काहीतरी निमित्त लागतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा सरळ, मुलगी सरळ, भिंतीसुद्धा सरळ. बिचारीला निमित्तच मिळत नव्हतं. ते डॉक्टरांनी दिलं.

"खडा बारीक आहे," डॉक्टर काळी फिल्म उजेडात धरून म्हणाले. "भरपूर पाणी प्यायलात तर आपला आपण निघून जाईल. नाही प्यायलात, तर मला आत जाऊन आणावा लागेल."

'आत जाऊन' हे त्यांनी शेजारच्या खोलीतून छत्री आणायची असावी अशा आवाजात सांगितलं. चष्मेवाले खुर्चीतल्या खुर्चीत पांढरे पडले. इंजेक्शनचं नाव काढलं तरी ते भिंतीला टेकून उभे राहत, इथे तर कापाकापीची भाषा होती.

"मी बघते," बायको म्हणाली. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांना खड्याची कीव आली.

चष्मेवाल्यांना अख्खी गल्ली चष्मेवाले म्हणायची, कारण कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि खरं नाव विचारायची कोणाला कधी गरज पडली नव्हती. लोकांना लांबचं आणि जवळचं नीट दिसावं हा त्यांचा धंदा. पण पाण्याकडे त्यांनी स्वतः कधी पाहिलंच नव्हतं. वैर नव्हतं, ओळखच नव्हती. चहात पाणी असतं, कलिंगडात असतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. "ज्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, असली वस्तू मी दुकानातसुद्धा ठेवत नाही," असं ते म्हणायचे. ते दुकानात नेमकी तसलीच वस्तू विकतात, हे एकदा मुलीने त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्यावर त्यांनी चहा मागितला.

दुसऱ्या सकाळपासून घरात शिट्टी सुरू झाली.

"एकट्याला प्यायला लावलं की माणूस खचतो," बायकोने जाहीर केलं. "त्यामुळे सगळं पथक पिणार. तुम्ही, मी आणि ही. शिट्टी झाली की पेला उचलायचा, आपापली कामं करत प्यायचा आणि रिकामा पेला आणून टेबलावर पालथा घालायचा. शंका?"

"आजीचं काय?" मुलीने विचारलं. मुलगी कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. कुठल्याही रचनेतली पळवाट तिला आधी दिसायची.

"मला तहान लागली की मी पिते," चष्मेवाल्यांच्या सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. "नाही लागली की नाही पीत. आणि मला खडा नाही."

यावर पथकप्रमुखांनी शिट्टी वाजवली.

पहिला पेला चष्मेवाल्यांनी डोळे मिटून घशाखाली लोटला. आपल्या आत कोणीतरी फरशी धूत आहे असं त्यांना वाटलं. दुसरा पेला हातात आला तेव्हा ते तो घेऊन गॅलरीत गेले आणि बराच वेळ क्षितिजाकडे बघत उभे राहिले. क्षितिजाने काही मदत केली नाही.

आता कोणीही शहाणा माणूस म्हणेल, नको तर सिंकमध्ये ओता. पण त्या घरात हे शक्य नव्हतं. त्या घरात भाजी धुतलेलं पाणी फरशीला लागायचं आणि कपड्यांचं शेवटचं पाणी जिन्याला. नळ टपकू लागला तर प्लंबर यायच्या आधी बायको स्वतः पाना घेऊन उठायची. मुलगी बोबडं बोलायची त्या वयात बाहुलीला आंघोळ घालून, उरलेलं पाणी कोणाला हवंय का, असं घरभर विचारत फिरली होती. चष्मेवाल्यांनी हयातीत एकदाच अर्धा पेला पाणी सिंकमध्ये ओतलं होतं. त्या आवाजाला शेजारच्या खोलीतून "कोण आहे?" असा प्रश्न आला. चोर आल्यावर विचारतात तसा.

तेव्हा पाणी पिता येत नाही आणि फेकताही येत नाही. अशा पेचात सापडलेल्या माणसाला समोर झाड दिसलं, तर त्याने काय करावं?

झाड लिंबाचं होतं आणि नात्याने चष्मेवाल्यांचा मेहुणा लागत होतं.

त्याचं असं झालं होतं की सासूबाईंना एकच मुलगी. ती लग्न होऊन गेली त्या वर्षी त्यांना घर खायला उठलं, आणि त्याच वर्षी त्यांनी सरबताच्या लिंबाची एक बी कुंडीत खोचली. बी उगवली. सासूबाईंनी रोपाचं नाव 'धाकटा' ठेवलं. पुढे सासरे गेले आणि सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, तेव्हा टेम्पोत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर धाकटा होता आणि सामानात त्या स्वतः. म्हणजे तो बायकोचा भाऊ, मुलीचा मामा, आणि ओघानेच चष्मेवाल्यांचा मेहुणा. याला काही इलाज नव्हता. भाची लग्नाच्या वयाची झाली तरी मामाला अजून एक कळी आली नव्हती. सासूबाईंना त्याचं काही वाटत नसे. "काही मुलं उशिरा बोलतात," त्या म्हणायच्या. रोज सकाळी त्याच्याजवळ स्टूल टाकून त्या घरातल्या सगळ्या गोष्टी त्याच्या कानावर घालायच्या. आपल्याबद्दलही सांगत असाव्यात, असा चष्मेवाल्यांना संशय होता. आपण गॅलरीत गेलो की झाड विषय बदलतं असं त्यांना वाटायचं.

चष्मेवाल्यांनी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी पेला मेहुण्याला पाजला.

मनात विचार मोठा उदात्त होता. झाडाला पाणी मिळालं की झाड तरारणार. झाड तरारलं की हवा शुद्ध होणार. ती हवा आपण घेणार. म्हणजे पाणी फिरून आपल्यालाच मिळणार. पर्यावरण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? संध्याकाळी दुकानातून आणलेली भरलेली बाटलीही त्यांनी पर्यावरणात रिकामी केली.

काही दिवस सगळं सुखाचं चाललं. शिट्टी वाजायची, पेले पांगायचे, रिकामे होऊन परत यायचे. बायको टेबलावरचे पालथे पेले बघून मान डोलवायची. आणि मग एका सकाळी मेहुण्याचं एक पान पिवळं पडलं.

"धाकट्याला बरं नाही," सासूबाई म्हणाल्या.

"वय झालं असेल पानाचं," चष्मेवाले पेपरामागून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आणखी पानं पिवळी झाली, आणि दोन गळून पडली. सासूबाईंनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "पोट बिघडलंय. याला आता काही दिवस लंघन."

त्यांनी झाडाला पाणी घालणं बंद केलं. त्या घालायच्या ते तरी किती, मूठभर. लंघन सुरू झालं, आणि लंघनात मेहुणा आणखी आजारी पडला. कुंडीतल्या मातीला चिखलाचा वास यायला लागला. सासूबाईंना हे कोडं सुटेना. उपाशी माणूस असा फुगतो कसा?

अशात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. बाईंनी आयुष्यभर कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवलं होतं. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे ज्ञान तेवढं उरलं होतं, वर्ग राहिला नव्हता. म्हणून त्यांनी गल्लीतल्या झाडप्रेमी लोकांचं एक मंडळ काढलं होतं आणि त्याला त्या वर्गासारखंच वागवायच्या.

"तुमच्या गॅलरीतून माझ्या दोरीवर पाणी ठिबकतंय," बाई म्हणाल्या. "सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त ओला असतो. हे टॉवेलच्या स्वभावात बसत नाही."

"आमच्याकडून थेंब पडायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "धाकटा लंघन करतोय."

"धाकटा कोण?"

"माझा भाऊ," बायको म्हणाली.

"मामा," मुलगी म्हणाली.

बाईंनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. "लिंबाचं झाड आहे," ते म्हणाले. "माझा मेहुणा लागतो."

बाई सरळ गॅलरीत गेल्या आणि त्यांनी कुंडीत बोट खुपसलं. बोट बुडालं. त्यांनी ते बाहेर काढून वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला. "मुळं कुजायला लागलीत. पाणी फार झालंय. कोण घालतं?"

"मी तर बंदच केलंय," सासूबाई म्हणाल्या.

"मी गॅलरीत जातच नाही," बायको म्हणाली.

"मला नकाशांतून वेळच कुठे आहे," मुलगी म्हणाली.

"आणि मी तर दुकानात," चष्मेवाले म्हणाले.

चौघांनी इतक्या पाठोपाठ कानांवर हात ठेवले, की एखाद्या पोलिसाने चौघांनाही सोबत नेलं असतं. पण बाई पोलीस नव्हत्या, शास्त्रज्ञ होत्या. कोणी झाडाला पाणी घालेल आणि ते लपवून ठेवेल, ही शक्यता शास्त्रात धरत नाहीत. कशाला लपवेल?

बाई बराच वेळ झाडाकडे बघत राहिल्या. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर, निवृत्त झाल्यापासून न दिसलेलं, एक तेज आलं. "कोणी पाणी घालत नाही. माती ओली. म्हणजे हे पाणी झाड स्वतः आणतंय," त्या म्हणाल्या. "हवेतून."

सासूबाईंनी एका पिवळ्या पानावरून हात फिरवला.

"गुणी आहेच तो," सासूबाई म्हणाल्या. "पण मग पिवळा का पडतोय?"

"स्वतःच्याच पाण्यात बुडतोय. मुळांना पाणी लागतं तसा श्वासही लागतो. असंच चालू राहिलं तर..." बाईंनी आवाज खाली आणला. "वाचायचा नाही, आजी."

त्या दुपारी चष्मेवाले जेवायला घरी आले, शिट्टीच्या नियमाप्रमाणे पेला घेऊन गॅलरीकडे निघाले आणि पडद्यापाशी थबकले. सासूबाई स्टुलावर बसून एकेक पान पदराने पुसत होत्या.

"कोणी सांगितलं रे तुला पाणी आणायला?" त्या झाडाला म्हणत होत्या. "एवढे कष्ट कशाला करतोस? आम्ही मागितलं का कधी? आमच्याकडे नळ आहे."

मेहुण्याशी चष्मेवाल्यांचं कधी जमलं नव्हतं, पण त्याचा जीव घ्यावा असंही कधी वाटलं नव्हतं. ते पाऊल न वाजवता मागे फिरले आणि स्वयंपाकघरात उभे राहून पेला प्यायले. डोळे उघडे ठेवून, सावकाश, घोट घोट. आणि शेवटच्या घोटाला त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला तहान लागलेली होती. बहुधा पन्नास वर्षांपासून.

त्यानंतर त्यांनी मेहुण्याला थेंबही दिला नाही. सगळे पेले स्वतः प्यायले, दुकानातली बाटलीही संपवली. दुपारी त्यांचं डोकं दुखायचं, ते थांबलं. डोकेदुखी हा दुकानाचाच भाग आहे अशी त्यांची समजूत होती. जेवण झाल्यावर गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत असताना त्यांना जी डुलकी यायची, तीही येईना. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी गिऱ्हाइकांची अक्षरं शेवटपर्यंत ऐकली. काहीजण चुकीची वाचत होते.

सगळं छान झालं होतं. फक्त मेहुण्याची माती वाळत नव्हती.

चष्मेवाल्यांनी रोज बोट घालून पाहिलं. चिखल तो चिखलच. मग त्यांनी दुकानातून भिंग आणलं आणि पानांखाली, खोडाला, कुंडीच्या काठाला लावून पाहिलं. कुठे नळी नाही, कुठे गळती नाही. ते स्टुलावर बसले आणि विचार करू लागले. हवेतून पाणी येतं ही गोष्ट खोटी आहे, हे घरात फक्त त्यांना माहीत होतं, कारण पाणी ते ओतत होते. आता ते ओतत नव्हते. तरीही पाणी होतं. म्हणजे बाई बरोबर होत्या. म्हणजे त्यांनी एवढे दिवस एका थोर झाडात उगाच आपलं पाणी मिसळलं होतं.

त्या दिवसापासून चष्मेवाल्यांइतका श्रद्धाळू माणूस घरात दुसरा राहिला नाही. ते गॅलरीत चप्पल काढून जायला लागले. दुकानात गिऱ्हाईक म्हणे, "वरची ओळ दिसते, खालची धूसर आहे." चष्मेवाले म्हणत, "खालचं राहू द्या हो. आमच्याकडे एक झाड आहे." गिऱ्हाईक जुन्याच चष्म्यावर घरी जाई, पण झाडाची गोष्ट घेऊन जाई. गल्लीत बातमी पसरली. जिन्यात अनोळखी माणसं भेटायला लागली. बायकोला भाजीच्या दुकानात कोणीतरी विचारलं, "तुमचे बंधू कसे आहेत?"

शेवटी बाईंनी मंडळाची सभा चष्मेवाल्यांच्याच घरी बोलावली. रविवारी सकाळी सगळे सभासद हॉलमध्ये दाटीवाटीने बसले. बाईंनी कुंडीतल्या मातीवर कोरड्या वर्तमानपत्राच्या घड्या पसरल्या, गॅलरीच्या दाराला स्वतःचं कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

"आता कोणीही आत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "चहा होईपर्यंत थांबू. कागद ओला झाला, तर झाडाने पाणी आणलं. शास्त्र म्हणजे शास्त्र."

"आणि धाकट्याचं औषधपाणी काही?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी कारण सिद्ध होऊ द्या, आजी. मग उपाय."

झाडावर आता निम्मीच पानं होती, आणि सासूबाईंना कारणात काडीचा रस नव्हता.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पाहुणे असोत की भूकंप, बायको वेळ चुकवणारी नव्हती. मंडळातले दोघं नकळत उठून उभे राहिले.

चष्मेवाल्यांनी आपला पेला उचलला आणि ते आतल्या खोलीत, गॅलरीच्या बंद दाराशी खुर्ची टाकून बसले. पहारा म्हणून. त्यांनी पेला शांतपणे संपवला आणि काचेतून मेहुण्याकडे आदराने पाहत राहिले.

मुलगी आली. तिच्या हातात भरलेला पेला होता. तिने कडी ओढली, ती हलली नाही.

"बाबा, कुलूप का आहे?"

"प्रयोग आहे."

"किती वेळ?"

"चहा होईपर्यंत. तुला काय हवंय?"

"मामाला बघायचं होतं."

"काचेतून दिसतोय की."

मुलीने काचेतून मामाला पाहिलं. मग पेला ओठांना लावून खाली घेतला. पेल्यातलं पाणी होतं तिथेच होतं. पोरीला तहान नसेल, असं चष्मेवाल्यांना वाटलं. एवढ्यात बायको आत आली. तिच्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात काठोकाठ भरलेला पेला. तिचा दुसरा हात सरळ कडीवर गेला आणि मग तिला खोलीत माणसं दिसली.

"तुम्ही दोघं इथे काय करताय?"

"आणि तू?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"तपासणी."

चष्मेवाल्यांनी बायकोच्या पेल्याकडे पाहिलं, मुलीच्या पेल्याकडे पाहिलं, काचेपलीकडच्या चिखलाकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यात एकेक काच बदलत गेली आणि शेवटी सगळं चित्र स्वच्छ दिसायला लागलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," मुलगी म्हणाली. "रेघ मारता मारता किती वेळा उठायचं मी? पण आई, तू?"

"मी मैदानावर असते," बायको म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हुकमासारखा येत नव्हता. "सलग तास असतात. बाथरूम शाळेच्या पार दुसऱ्या टोकाला. एवढं पाणी पिऊन, मुलींना रांगेत उभं करून मी जाऊ कुठे?"

"मग शिट्टी कशाला वाजवतेस?"

"तुमच्यासाठी. खडा तुम्हाला आहे ना?"

चष्मेवाल्यांना हे ऐकून बरं वाटलं, पण ते सोडायला तयार नव्हते. "अगं पण मग सिंकमध्ये ओतायचं."

"सिंकमध्ये?" बायको खरोखर दुखावली. "पिण्याचं पाणी सिंकमध्ये ओतू मी?"

चष्मेवाल्यांनी आपला रिकामा पेला वर धरला. घरातल्या एकमेव निर्मळ माणसाचा पेला. त्यातून त्यांनी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि इतक्या उंचावरून त्या दोघी त्यांना फार लहान दिसल्या.

"म्हणजे एकटे जावईबापूच पीत होते," मागून आवाज आला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ, ते कळायला मार्ग नव्हता. त्या पुढे आल्या आणि त्यांनी चष्मेवाल्यांच्या पाठीवर हात ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "घरचेच धाकट्याच्या जिवावर उठले," त्या म्हणाल्या, "आणि ज्याचा भरवसा नव्हता, तोच सांभाळत होता."

आता गप्प बसायचं, एवढंच काम चष्मेवाल्यांना होतं. पाठीवरचा हात उबदार होता. पण माणसाच्या पोटात पाणी राहतं, असली गोष्ट राहत नाही.

"आई," ते म्हणाले, "सुरुवात मी केली. हल्लीच सोडलंय."

पाठीवरचा हात निघाला. सासूबाईंनी तिघांकडे एकदा बघून घेतलं. मग त्या वळल्या आणि हॉलमध्ये गेल्या. तिघं मागोमाग गेले, पेल्यांसकट.

"बाई, किल्ली द्या," सासूबाई म्हणाल्या. "झाड हवेतून काही आणत नाही. या तिघांना पाणी प्यायचं नव्हतं, आणि टाकवत नव्हतं. ते माझ्या पोराला पाजत होते."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. चष्मेवाल्यांनीच तो बसवून दिलेला होता, त्यामुळे त्यांना तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

"तिघं?" बाई म्हणाल्या. "दिवसभर?"

"दिवसभर."

"आणि तरी हे झाड जिवंत आहे?" बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज परत येत होतं. "मंडळी, हा प्रकार मी समजत होते त्यापेक्षा मोठा आहे."

तेवढ्यात मागच्या रांगेतले एक गृहस्थ खाकरले. सगळ्यांनी मागे पाहिलं. "मलाही डॉक्टरांनी पाणी प्यायला सांगितलंय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "आमच्याकडची कोरफड मागच्या महिन्यात गेली."

त्यांची बायको शेजारीच बसली होती. "मला तर म्हणालात मांजराने उपटली," ती म्हणाली.

"मांजर कुठंय आपल्याकडे?"

"तेच मी म्हणत होते."

पण आता बाईंकडे वर्ग होता, रोगी होता आणि कारणही सिद्ध झालं होतं. त्यांनी भराभर कामं वाटली. कुंडी तिरपी करून झाड बाहेर काढलं. मुळांचा कुजका भाग काळा आणि मऊ झाला होता, तो कात्रीने कापला. पांढरी मुळं अजून होती, आणि ती दिसल्यावर सासूबाईंनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा श्वास सोडला. "कुंडीत आता याचं भागायचं नाही," बाई म्हणाल्या. "खाली अंगणात मोकळ्या मातीत लावू. आणि माती आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. याला जरा तहान लागू दे. तहान लागल्याशिवाय कोणी मनापासून काही करत नाही."

मंडळातल्या चौघांनी मेहुण्याला उचलून जिन्याने खाली नेलं. पुढे बाई होत्या, मागे सासूबाई, त्यामागे मान खाली घातलेलं कुटुंब आणि त्यामागे मंडळ. वर येणारे लोक भिंतीला टेकून, न विचारता, गप्प उभे राहिले.

मग घरात बरंच काही बदललं. शिट्टी राहिली, पण पेले टेबलाशीच बसून, एकमेकांसमोर प्यायचे असं ठरलं, आणि समोरच्या खुर्चीत सासूबाई बसायच्या. मुलीने शोध लावला की मधूनमधून उठलं की रेघ हलत नाही, उलट चूक आधी दिसते. बायकोने शाळेतला प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. आता तासाच्या मध्यावर अख्खा वर्ग रांगेने पाणी प्यायला जातो, तिथून रांगेने बाथरूमला जातो आणि पावलं आपटत परत मैदानावर येतो. मुख्याध्यापिका हा संचलनाचा नवा प्रकार समजतात आणि पाहुण्यांना दाखवतात.

पुढे एका दुपारी डॉक्टरांनी नवी काळी फिल्म उजेडात धरली, उलटी करून धरली, आणि म्हणाले, "गेला की हो."

"कापायचं नाही?"

"काय कापू? काही राहिलंच नाही आत."

चष्मेवाले जवळजवळ पळतच घरी आले. घर उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. अंगणातून आवाज येत होते. ते खाली गेले. बायको, मुलगी, सासूबाई आणि बाई झाडाभोवती वाकून उभ्या होत्या.

"अगं, मी डॉक्टरकडे जाऊन आलो," चष्मेवाले म्हणाले.

"हळू बोला," बायको म्हणाली.

"खडा नाही."

"हो बाबा, कळीच आहे," मुलगी म्हणाली. "इथे वाकून बघा."

चष्मेवाल्यांनी वाकून पाहिलं. नव्या पालवीच्या बेचक्यात तांदळाएवढी एक जांभळट कळी होती. तिच्याशेजारी दुसरी होती, तिला अजून धड कळीही म्हणता आलं नसतं. सासूबाईंनी दोन्ही हात गालांना लावले होते आणि त्या हसत होत्या, पोरगं भर सभेत पहिलं वाक्य बोललं की आया हसतात तशा.

"त्याला पाण्याचा ताण बसला ना, मग त्याने मनावर घेतलं," बाई म्हणाल्या. "लिंबाचं असंच असतं."

मग बाईंना मंडळाला कळवायची घाई झाली, सासूबाईंना सगळ्या नातेवाइकांना फोन करायचे होते, मुलीला फोटो पाठवायचे होते आणि बायकोला चहा ठेवायचा होता. बघता बघता अंगण रिकामं झालं. राहिले चष्मेवाले आणि मेहुणा.

चष्मेवाल्यांनी काळी फिल्म पिशवीतून काढली आणि कोणी बघत नाही असं पाहून झाडासमोर उजेडात धरली.

"गेला," ते म्हणाले. "न कापता. तुझ्यासारखी कात्री लागली नाही." मग जरा वेळाने, "लागली असेल रे तुला. माझ्यामुळेच झालं ते."

झाड नवीन मातीत ताठ उभं होतं. ऊन कडक होतं. चालून चालून चष्मेवाल्यांच्या घशाला कोरड पडली होती, म्हणून त्यांनी पिशवीतली बाटली काढून झाकण फिरवलं.

वर खिडकी उघडली.

"जावईबापू, ती बाटली कोणासाठी?"

"माझ्यासाठी, आई."

"मग तोंडाला लावा. मी आहे इथे."

चष्मेवाल्यांनी बाटली तोंडाला लावली आणि एका दमात गटागटा रिकामी केली. घाईत एक थेंब हनुवटीवरून ओघळला आणि खाली मातीत पडला.

"तो दिसला मला," सासूबाई वरून म्हणाल्या.